तीन एकर आंबिया बहार: एका सौद्याचा हिशोब

वरूड तालुक्यातलं एक गाव, तीन एकर संत्र्याचा बगीचा आणि ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहराची, फळं लिंबाएवढी होऊन पुढे सरकलेली, पण अजून पानांइतकीच हिरवी. व्यापारी आला, खर्रा चघळत अर्धा तास बगीच्यात फिरला आणि धुऱ्यावर येऊन आकडा सांगून मोकळा झाला: दोन लाख साठ हजार, उक्ते, म्हणजे झाडावरचा सगळा माल एकाच रकमेत. पन्नास हजार इसार आत्ता, बाकी तोडणीला. दोन दिवसांत कळवा, नाहीतर मला पुढचे बगीचे आहेत.

शेत काकांच्या नावावर. पाहतो पुतण्या. घरात काकू, आणि बगीच्याला पाणी देणारा सालगडी घरातलाच म्हणायचा. मी या भागातल्या शेतकरी गटांच्या हिशोबाचं काम पाहतो, म्हणून हा सौदा पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून पाहता आला. नावं गाळली आहेत, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "शेजाऱ्याचा मागच्या साली चार लाखाले गेला. आपला कायले अडीचले द्याचा?"

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड पट्ट्यात दरवर्षी हजारो घरांत हेच वाक्य असंच म्हटलं जातं. शेजाऱ्याचा आकडा एकदा कानावर पडला की आपल्या झाडांकडे बघायची नजर त्या आकड्याला बांधली जाते. शेजाऱ्याचा बगीचा साडेतीन एकर, झाडं बारा वर्षांची; इथली बावीस वर्षांची, डिंक्या रोगाने बरीच मेलेली. हे सगळं काकांना पाठ होतं. तरीही तोंडात चारच लाख.

व्यापाऱ्याचं पारडं जड का असतं, तेही समजून घेऊ. तो एका हंगामात पन्नास बगीचे फिरतो. त्याचा एखादा अंदाज चुकला तर दुसऱ्यात भरून निघतो. शेतकऱ्याला वर्षात एकच बगीचा, एकच सौदा, चुकला तर वर्ष गेलं. शिवाय व्यापारी सांगतो तो आकडा म्हणजे त्याचा अंदाज नव्हेच. त्यातून त्याची जोखीम आणि नफा आधीच वजा झालेला असतो. त्यामुळे "तुझा आकडा कसा आला?" असं विचारण्यात अर्थ नव्हता. आपला आकडा आपणच काढायचा होता.

पुतण्याने पहिलं काम केलं ते वेळ मागून घेण्याचं. "पोळा होऊ द्या, मंग सांगतो." व्यापारी कुरकुरला, पण थांबला. दहा दिवस मिळाले.

सुरुवात चिठ्ठ्यांनी झाली. आत्ता झाडांवर एकूण किती फळ आहे, ते चौघांनी एकमेकांशी न बोलता कागदावर लिहायचं. काका दोन लाख, पुतण्या सव्वा लाख, सालगडी दीड लाख, काकू नव्वद हजार. "मी काय सांगू, मले कुठं समजते," असं म्हणत काकूंनी लिहिलं, पण लिहिलं. आधी काकांना बोलू दिलं असतं तर चारही कागदांवर दोन लाखाच्या आसपासच काहीतरी आलं असतं, याबद्दल माझी खात्री आहे. घरात मोठ्याचा आकडा ऐकल्यावर तो खोडून कोण लिहितो?

न बोलता लिहिण्याला एक जुना दाखला आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, यावर लोकांनी पैसे भरून तिकिटांवर अंदाज लिहिले. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने त्यातली ७८७ तिकिटं तपासली. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला अंदाज १२०७ पौंड आला. प्रत्यक्ष वजन भरलं ११९८. एकेकटे लोक कुठल्या कुठे भरकटले होते, पण कुणी जास्तीकडे, कुणी कमीकडे, त्यामुळे चुका एकमेकींना खाऊन गेल्या. हे जमतं ते प्रत्येकाची चूक स्वतःची असेल तेव्हाच. सगळ्यांनी एकाच शेजाऱ्याचा चार लाखांचा आकडा डोक्यात धरला असेल, तर चिठ्ठ्या शंभर टाका, चूक एकाच दिशेची राहील.

इथे मधल्या दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये एक लाख साडेसदतीस हजार आले. हा आकडा लक्षात ठेवा.

मग मोजणी. आधी झाडं. सहा बाय सहा मीटरवर लागवड म्हणजे एकरी एकशे दहाच्या आसपास, तीन एकरांत तीनशे तीस. काका हाच आकडा धरून चालले होते. सालगड्याने चुन्याचे ठिपके देत ओळीने मोजली तेव्हा फळ असलेली झाडं निघाली २५४. बाकीच्या खड्ड्यांत मर झाल्यावर लावलेली कलमं, ज्यांना अजून फळ नाही, किंवा नुसतीच मोकळी जागा. अर्ध्या दिवसाचं हे काम, आणि काकांच्या अंदाजातला जवळपास पाव भाग इथेच गळाला. दोन लाखांतून कुणीही भांडण न करता.

सगळी झाडं मोजणं शक्य नव्हतं. पुतण्याला आधी वाटलं, चांगली दहा, मध्यम दहा, कमजोर दहा घेऊ. त्यात घोळ असा की चांगलं कुठलं हे आपणच ठरवतो, आणि मोजायला गेलेला माणूस फळ दिसलेल्या झाडापाशी आपोआप थांबतो. या थांबण्याची गोष्ट आपल्याच मातीतल्या एका संख्याशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात आकड्यांनी दाखवली होती. साताऱ्याकडचे पांडुरंग सुखात्मे. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेताचा ठरावीक तुकडा कापून उत्पन्न मोजताना, कापायचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं, कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा यावरून मोठा वाद झाला. आजही बऱ्याच पिकांच्या विम्याचे पैसे मुख्यतः कापणी प्रयोगांवरून ठरतात, त्यामुळे ही बाब पुस्तकी नाही.

म्हणून निवड चिठ्ठीवर सोडली. एक ते आठमधली एक चिठ्ठी काढली, पाच आला. मग पाचवं, तेरावं, एकविसावं, असं दर आठवं झाड. मेलेल्या फांद्यांचं असो, धुऱ्यावरचं असो, नंबर आला की मोजायचं. बत्तीस झाडं झाली.

हिरव्या पानांत हिरवं फळ मोजणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना फळाची कड चमकते. दुपारी सगळं एकसारखं. झाडाचे दोरीने चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन मोजले, दुप्पट केले. सालगड्याने डाव्या खिशात तुरीचे दाणे घेतले. दहा फळं झाली की एक दाणा उजव्या खिशात. मधे कोणी हाक मारली तरी हिशोब तुटत नाही. बोलत बोलत मोजणाऱ्या पुतण्याची दोन झाडं परत मोजावी लागली.

पण जे दिसतं तेवढंच असतं का? तीन झाडांवर शिडी लावून, फांदी बाजूला करून एकेक फळ मोजलं. खालून चार दिसली तिथे खरी पाच होती. म्हणून सगळ्या मोजणीला सव्वापट केलं. झाडामागे सरासरी ५१२ फळं आली. कमीत कमी दीडशे, जास्तीत जास्त साडेनऊशे. बत्तीसच झाडं मोजली असल्याने सरासरी पंचाहत्तरने इकडेतिकडे होऊ शकते. २५४ झाडांना लावलं तर एक लाख अकरा हजार ते एक लाख एकोणपन्नास हजार, मध्य एक लाख तीस.

चिठ्ठ्यांतून एक लाख साडेसदतीस आलेच होते. पुतण्या जरा हिरमुसला: दोन दिवस शिडी वाहिली ती कशाला? फळांचा मधला आकडा जवळजवळ फुकट मिळाला होता हे खरं. मोजणीने दिली ती रुंदी. आता छातीठोकपणे म्हणता येत होतं की दोन लाख फळं या बगीच्यात नाहीत. काका दुसऱ्या दिवसापासून दोन लाख म्हणायचे थांबले, आणि ते काही मी समजावल्यामुळे नव्हे. तीन झाडांवर ते स्वतः शिडीवर होते.

या प्रकरणातला खरा पेच मात्र यापुढे आहे. मोजता येतं तिथे माणूस मोजत बसतो. फळांची संख्या आणखी बारीक करायची तर आणखी बत्तीस झाडं मोजता आली असती. खालच्या-वरच्या टोकांमधला पट्टा थोडा अरुंद झाला असता. पण सौद्याचा आकडा फळांच्या संख्येवर अडलेला नव्हताच. तो गळीवर, म्हणजे तोडणीआधी गळून पडणाऱ्या फळांवर, आणि भावावर अडला होता.

गळ किती? काकांच्या मते "पाचवा हिस्सा, दरवर्षीचाच." त्यांची वही काढली. वीस वर्षांची वही, त्यात तोडणीचे आकडे सगळे, पण तोडणीआधी झाडावर किती होतं याचा एकही नाही. म्हणजे पाचवा हिस्सा हा आकडा कधी मोजलाच गेला नव्हता. मग त्या बत्तीस झाडांखालचं झाडून काढलं आणि दर तिसऱ्या दिवशी पडलेली फळं मोजली. पहिल्यांदा झाडामागे तीन. दुसऱ्यांदा तीन. मग दोन रात्री पाऊस झाला आणि तिसऱ्यांदा एकोणीस.

या तीन आकड्यांवरून पुढच्या अडीच महिन्यांचा हिशोब करून पाहा. पहिल्या दोन मोजण्यांप्रमाणे धरलं तर शंभरातली पंधरा फळं जातील. तिसरीप्रमाणे धरलं तर झाड जवळजवळ रिकामं होईल. दोन्ही हिशोब बरोबर, दोन्ही निरुपयोगी. गळ रोज थोडी थोडी येत नाही. मुळाशी पाणी साचलं, देठाशी बुरशी धरली, रात्री रस शोषणारे पतंग बसले, की ती लोंढ्याने येते. सप्टेंबरात असे लोंढे किती येणार, हे ना काकांना माहीत, ना व्यापाऱ्याला. म्हणून गळ धरली दहा ते चाळीस टक्के. असा रुंद पट्टा लिहिताना पुतण्याचा हात अडखळला. पण अज्ञान एवढंच मोठं होतं, तर ते कागदावर लहान लिहून काय मिळणार?

त्या कागदावर एक फायदा अनपेक्षित निघाला. एकोणीस ही सरासरी. झाडानिहाय पाहिलं तर उताराकडच्या खालच्या दोन ओळींत चाळीसच्या वर, वरच्या ओळींत सात-आठ. म्हणजे पाणी खाली साचत होतं. चर काढला की गळीचा वरचा धोका कमी होणार होता. मजुरी जेमतेम पाच हजार. अंदाज सुधारण्यापेक्षा ज्या गोष्टीचा अंदाज बांधतोय तीच बदलणं इतकं स्वस्त क्वचित पडतं. पण काका अडून बसले: बगीचा उक्ता दिला तर चराचा फायदा व्यापाऱ्याचा, मग पैसे आपण का घालायचे? मुद्दा बिनतोड होता. तो पुढे सौद्यात कामी आला.

भाव. किलोत सात-आठ फळं बसतात. पंधरा टक्के चुरी (बारीक, डागी फळं) निघते, तिला आठ रुपयांवर कोणी विचारत नाही. चांगल्या मालाला बांधावर वीस ते बत्तीस रुपये, असं मंडीत दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवलं. यात आपल्या हाताबाहेरचं बरंच असतं. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. तिथलं आयातशुल्क वाढत वाढत २०२३ पर्यंत किलोला ८८ रुपयांवर गेलं आणि तो माल देशातल्याच बाजारात उतरू लागला. असा निर्णय ढाक्यात होतो, झटका वरुडात बसतो.

आता चार पट्टे झाले: फळं, गळ, आकार, भाव. सगळ्यांची खालची टोकं एकत्र धरली तर खर्च जाता हाती लाख-सव्वा लाख, सगळी वरची धरली तर पाच लाखांच्या आसपास. काकू म्हणाल्या, "हे तं कायबी होऊ शकते असंच झालं." बरोबर बोलल्या. पण चारही गोष्टी एकदम वाईट व्हायच्या तर तेवढं दुर्दैव लागतं. शिवाय या गोष्टी एकमेकींना धरून चालतात. झाडावर फळ जास्त तर आकार लहान. सगळ्या भागात गळ जबर झाली तर मंडीत माल कमी, म्हणून भाव वर. एकीकडे गेलं ते दुसरीकडून थोडंफार परत येतं. पुतण्याने प्रत्येक पट्ट्याच्या पाच-पाच चिठ्ठ्या चार डब्यांत टाकल्या आणि शंभर वेळा चार-चार काढून गुणाकार मोबाइलवर लिहिला. जास्त गळीची चिठ्ठी निघाली की भावाची सगळ्यात खालची चिठ्ठी बाद करायची, असा नियम केला. फवारणी, रखवाली, तोडणी मिळून चाळीस हजार खर्च वजा केला. निम्म्या फेऱ्या सव्वादोन ते तीन लाखांत आल्या, मध्य दोन लाख साठच्या जरा वर. दहातली एक दोन लाखांच्या खाली, दहातली एक साडेतीनच्या आसपास.

म्हणजे व्यापाऱ्याचा आकडा लुबाडणुकीचा नव्हता. हे काकांना पचायला जड गेलं.

घराची गरज दुसरीकडून आली. पीककर्ज आणि मुलीच्या कॉलेजची फी मिळून मार्चपर्यंत दोन लाख हवेतच. दहातली एक फेरी त्याच्या खाली जात होती. सधन घराने ही जोखीम हसत घेतली असती. या घराला सावकार आठवत होता. एकच अंदाज, दोन घरं, दोन वेगळे बरोबर निर्णय.

उक्ता सौदा म्हणजे पक्का पैसा, हा समजही तपासायला हवा होता. भाव पडला किंवा गळ झाली की व्यापारी येतो आणि "एवढं कापून घ्या" म्हणतो, नाहीतर इसारावर पाणी सोडून फिरकतच नाही. आणि हे तो नेमकं वाईट वर्षीच करतो. म्हणजे पन्नास हजारांच्या इसारावर दिलेला दोन लाख साठचा शब्द हा वाईट वर्षी पन्नास हजारांचाच शब्द ठरू शकतो. जोखीम किती विकली गेली हे इसारावरून मोजायचं, सौद्याच्या आकड्यावरून नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन फिरत असताना, ओसरीवर बोलणं झालं. पुतण्याने गळीचा कागद समोर ठेवला. खालच्या ओळींत पाणी साचतं, चर आम्ही आमच्या खर्चाने काढून देतो, तुमची गळ वाचते. वीस हजार वाढवा. इसार एक लाख, बाकी पहिल्या तोडीआधी. अर्धा बगीचा उक्ता आणि अर्धा वजनावर, असंही काढून पाहिलं होतं, पण व्यापारी म्हणाला, "अर्धा बगीचा कोन घेईन?" आणि तो विषय संपला. बाकी अटी मात्र त्याने तासाभरात मान्य केल्या. काकांनी नंतर विचारलं, एवढ्या लवकर हो म्हणाला म्हणजे कमी मागितलं का? असेलही. पण आपण घरी ठेवून मिळणाऱ्या मध्यापेक्षा वर गेलो होतो, जोखीम उतरवून.

नोव्हेंबरच्या शेवटी तोड झाली. सालगड्याने कॅरेट मोजले: वीस किलोचे सहाशे चाळीस. किलोला सव्वासात फळं धरली तर त्र्याण्णव हजारांच्या आसपास, म्हणजे गळ अठ्ठावीस-एकोणतीस टक्के. फळं पट्ट्यात, गळ पट्ट्यात, आकार पट्ट्यात. भाव मात्र चौतीसवर गेला, बत्तीसच्या बाहेर. बगीचा घरी ठेवला असता तर खर्च जाता तीन लाख पंचेचाळीस हजार आले असते. पासष्ट हजारांचा फरक. पारावर निकाल लागला: घाई केली, पोरानं बगीचा फुकट घालवला.

पारावरचा निकाल मला मान्य नाही. शंभर फेऱ्यांत दहा अशाच होत्या, त्यातली एक घडली. उलटी बाजूची एक घडली असती तर तोच पार पोराला हुशार म्हणाला असता. एका वर्षाच्या निकालावरून अंदाज चांगला की वाईट हे ठरत नाही. पट्ट्यांच्या बाहेर किती वेळा पडलो, याची नोंद चार-पाच हंगाम ठेवली तर ठरतं.

भावाचा पट्टा मात्र अरुंद होता, आणि हे या घराचं वैशिष्ट्य नाही. माणसं अंदाज कसे बांधतात याचे अभ्यासक मार्क आल्पर्ट आणि हॉवर्ड रायफा यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांकडून माहीत नसलेल्या आकड्यांचे ९८ टक्के खात्रीचे पट्टे मागितले होते. शंभरात दोन उत्तरं बाहेर पडायला हवी होती. चाळीसच्या वर पडली. मंडीत दोन-तीन जणांना विचारून भाव ठरवला त्यात हेच झालं. सगळे सांगणारे एकाच आठवड्यातला भाव बघून बोलत होते. ती मतं तीन नव्हती, एकच मत तीन तोंडांनी ऐकलं. वहीतले मागच्या दहा हंगामांचे भाव लिहून काढले असते तरी पट्टा दोन्हीकडे सरकला असता, आणि ते आकडे घरातच होते.

यंदा वहीत तीन नवे रकाने आहेत: तोडीआधीची फळं, दर तिसऱ्या दिवशीची गळ, आणि आपण लिहिलेला पट्टा. महसूल खातं पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा काढतं, तसा पुतण्या ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पट्टा नव्याने लिहिणार आहे. चर आता काकांनीच जूनमध्ये काढून ठेवले, सौद्याची वाट न बघता.

भावाच्या रकान्यावरून दोघांचं अजून जुळलेलं नाही. पुतण्याने दहा हंगाम पाहून पंधरा ते चाळीस लिहिलं. काकांनी चष्मा वर केला. "पंधरा ते चाळीस? असा अंदाज तं मी बाजेवर पडून देईन."

"मंग तुम्ही लिहा काका, पण आधी लिहा. मंडीत जायच्या आधी."

काकांनी वीस ते पस्तीस लिहून खाली तारीख टाकली. दोन्ही पट्टे वहीत आहेत. या वेळी व्यापारी दुसरा आहे, आणि अर्धा बगीचा घ्यायला त्याची ना नाही.